मीठ कमी आहे, सांगा तिला

६ एप्रिल, रविवार

रुचिता आज माझ्याकडे जेवली. म्हणजे ब्रेडला लोणी-साखर याला जेवण म्हणायचं असेल तर!

दुपारी बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली ही पोर. चेहरा रडून सुजलेला. "आजी, खायला आहे काही? त्या घरात मी आता पाणीपण पिणार नाही." सरळ स्वयंपाकघरात. डबे उघडले, बघितले, परत लावले. माझ्या डब्यांत काय असणार! हे होते तोवर स्वयंपाक ह्यांचा. मालवणी माणूस, मला ओट्याला हात लावू देत नसत. आणि माझं शिक्षण म्हणजे ठाण्याच्या कॉन्व्हेंटातलं डोमेस्टिक सायन्स. सिस्टर क्लोटिल्डने व्हाइट सॉस शिकवला, ब्रेड पुडिंग शिकवलं, काटा डावीकडे आणि सुरी उजवीकडे ठेवायला शिकवलं. वरणाला फोडणी कुणी शिकवली नाही.

झालं ते असं. परवा रुचिताने आईला एक गोष्ट सांगितली, कुणाला सांगू नको म्हणून शपथ घालून. आता प्रीतीच्या पोटात कधी काही राहिलंय? तिने काल शहाडच्या बहिणीसाठी व्हॉइस मेसेज बोलला – आणि पाठवला सोसायटीच्या ग्रुपवर! "अगं निशा, कुणाला बोलू नको हां, आमच्या रुचीला तो बी विंगमधला मयूर आवडतो गं! त्याच्यासाठी क्लासची बॅच बदलली पोरीने. मला सांगताना कशी लाजली, बघायला पाहिजे होतीस!" मागून प्रीतीचं हसू.

चूक कळल्यावर तिने पुसून टाकला. पण मयूरच्या आजीने, मंजुळाबाईंनी, तोवर खाली बाकावर बसून मोठ्याने लावला होता. ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा. मयूर तिथेच सायकल पुसत होता.

पंधराव्या वर्षी अख्ख्या बिल्डिंगीला आपलं मन ऐकू जावं!

संध्याकाळी ती झोपायला घरी गेली. "फ्लॅट पप्पांचा आहे," म्हणाली, "जेवण तिचं आहे. जेवणावर बहिष्कार."

८ एप्रिल

सकाळी प्रीती आली. ऑफिसला निघालेली, खांद्याला पर्स, डोळे लाल.

"काकू, खाते ना ती?"

खाते म्हटलं. काल उपमा केला होता. त्यात गुठळ्या. तिने गुठळ्या बाजूला काढल्या, मग ताटलीत उपमाच उरला नाही. हे मात्र सांगितलं नाही.

प्रीतीने पर्समधून डबा काढला. भाकरी, शेवग्याची आमटी, सुक्या बोंबलाची चटणी. "तुमचं म्हणून द्या ना काकू. माझं नाव घेऊ नका, हात जोडते."

हात कसले जोडतेस, म्हटलं, तेवढ्यात मलाही नीट जेवायला मिळेल!

९ एप्रिल

काल दुपारी रुचिता पहिल्या घासाला थांबली. माझ्याकडे बघितलं. "आजी, एका रात्रीत भाकरी शिकलात?"

"यूट्यूब," मी म्हटलं.

"अच्छा." आणि सगळं संपवलं. बोटंसुद्धा चाटली.

१४ एप्रिल

जयंती. पहाटेपासून निळे झेंडे, लेझीम, खाली मोठ्या पातेल्यात खीर. रुचिताचा बाप प्रफुल्ल पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला निळा फेटा, अगदी नवरदेव. "जयभीम काकू, खाली या लवकर!" दरवर्षी प्रीती पांढरी साडी नेसते आणि रुचिता पांढरा ड्रेस घालते. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मायलेकींचा एकत्र फोटो निघतो. भिंतीवर असे पुष्कळ फोटो आहेत, प्रत्येकात पोरगी थोडी उंच.

यंदा ती माझ्या हाताला धरून उतरली. काळा टीशर्ट. आणि केसांत एक जांभळी बट! "कशी दिसते आजी?" मी म्हटलं, आमच्या वेळी सिस्टरने साबणाने धुऊन काढली असती. पण छान दिसते. खरंच दिसते!

बाबासाहेबांना फुलं वाहायला गेली, तिथे मान खाली, डोळे मिटलेले. फोटोला मात्र थांबली नाही.

खिरीच्या रांगेत मंजुळाबाईंनी गाठलंच. "काय गं, सूनबाई! इकडे बघायचंपण नाही का?" सगळे हसले. पण पोरगी गर्रकन वळली. "आजी, तुमचा मयूर अजून आईकडून भांग पाडून घेतो. मला नको तसला!"

काय हशा पिकला! मंजुळाबाई स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या. पलीकडे खीर वाढता वाढता प्रीतीपण हसली, डाव हातात तसाच. रुचिताचं तिकडे लक्ष गेलं. चेहरा लगेच बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा.

माझ्या वाटीतली खीर मात्र तिने अर्धी पळवली. ती खीर प्रीतीच्या हातची, हे तिला ठाऊक नसेल होय?

२० एप्रिल, रविवार

आज नाटक संपलं. आमटीचा एक भुरका मारून रुचिता म्हणाली, "मीठ कमी आहे. सांगा तिला."

मी तिच्या ताटात आणखी भाकरी वाढली.

"आजी, मला पहिल्या दिवसापासून माहितीये. तुम्हाला कुकर लावता येत नाही, तुम्ही आमटीत येसुराचा मसाला कुठून घालणार!"

"मग खातेस का?"

"भूक लागते म्हणून. त्याचा आणि माफीचा काही संबंध नाही."

प्रीतीला निरोप दिला. ऐकून ती अशी फुलली, जणू मीठ कमी पडणं हे बक्षीसच! "काकू, तिने 'तिला' म्हटलं? म्हणजे मलाच ना?" मग उलट निरोप: "सांगा, दोनदा घातलं तर खारट होईल या भीतीने कमी पडलं."

२२ एप्रिल

निरोप सुरू झाले. आजचे –

इकडून: "भाकरीला पापुद्रा नाही. मूड खराब होता का तिचा?"

तिकडून: "साहेब ओरडले ऑफिसात. आणि ती बट कापणार असेल तर कापू नको म्हणावं, बरी दिसते."

तिने बट कानामागे सारली. मग: "साहेबाला म्हणावं, गेला उडत."

मला माझे एक्स्चेंजचे दिवस आठवले. तेव्हाची अकरावी मॅट्रिक झाल्याझाल्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, कॉन्व्हेंटचं इंग्रजी उपयोगाला आलं. समोर बोर्ड, हातात दोऱ्या. कल्याणहून नाशिक, ठाण्याहून सातारा. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचा बाप जायचा. आमच्या सुपरवायझर मिसेस फर्नांडिस सांगायच्या, "गर्ल्स, लाइन जोडा आणि कान काढून घ्या. बोलणारे ते, तुम्ही नाही." किती शांत, किती स्वच्छ काम होतं ते! आता पुन्हा तेच करते आहे. मधे फक्त बोंबलाची चटणी.

२७ एप्रिल, रविवार

प्रफुल्ल उड्या मारत आला. "काकू, पोरगी लायनीवर आली! म्हणते, अकरावीला लातूरला पाठवा. हॉस्टेल, सायन्स, सगळं! लोक पोरांना ढकलून पाठवतात, आमची स्वतःहून मागते!"

प्रीती त्याच्या मागे उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तिला कळलं होतं. मलाही कळलं. न कळलेला एकटा प्रफुल्ल. भला माणूस, पण अंबरनाथच्या कारखान्यात मशिनच्या आवाजात राहून राहून त्याला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत.

दुपारी मी रुचिताला विचारलं, "तुला तर केमिस्ट्रीचं पुस्तक बघून उलटी येते ना?"

"येते."

"मग लातूरला काय आहे?"

"लांब आहे." भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली. "तिथे मला कुणी ओळखत नाही आजी. तिथे कुणी माझं नाव घेऊन हसणार नाही. आणि तिला सांगायला माझं काही उरणारच नाही."

दोन वर्षं. एकदा हॉस्टेलात गेली की मग इंजिनियरिंग, मग नोकरी. पोरं अशी रागात गेली की पाहुण्यासारखी परत येतात. माझा राजन असाच गेला कॅनडाला, रागात नव्हे, तरीही आता चहा पिताना 'थँक्यू आई' म्हणतो!

ही जाता कामा नये. अशी तर नाहीच.

४ मे, रविवार

फार मोठा घोळ घातला मी. लिहिते, म्हणजे मन हलकं होईल.

जेवताना रुचिताला म्हटलं, "मम्मी रोज इथे येऊन रडते. तुझी माफी मागते." रोज कुठे रडते! एकदाच रडली. आणि संध्याकाळी प्रीतीला म्हटलं, "तिचा राग गेलाय. तिनेच सांगितलंय, मम्मीला म्हणावं जवळ घे." सगळं माझ्या मनातलं. वाटलं, दोन्हीकडून जरा ढकललं की दार उघडेल.

प्रीती धावत घरी गेली आणि पोरीला मिठी मारली.

मग जो आवाज आला! "कोण म्हणालं? मी कधी म्हटलं? आजी म्हणाल्या? म्हणजे त्यापण!" दार आपटलं. माझ्या दाराशी आली, पण आत नाही आली. उंबऱ्याबाहेरूनच. "तुम्हाला वाटलेलं ते तुम्ही माझ्या तोंडात घातलंत. तिने निदान मी बोलले तेच सांगितलेलं!"

बरोबर आहे तिचं. शंभर टक्के.

मिसेस फर्नांडिसनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

५ मे

ताट झाकून ठेवलं होतं. आली नाही.

७ मे

नाक्यावर वडापाव खाताना दिसली. मला बघून पाठ फिरवली. वडापावचा कागद मात्र व्यवस्थित घडी करून डब्यात टाकला. संस्कार चांगले आहेत हो तिच्या आईचे!

१३ मे

दहावीचा निकाल. चौऱ्याऐंशी टक्के! मला ग्रुपवरूनच कळलं, प्रफुल्लने टाकलं होतं, पुढे ढोलांची रांग. पेढेही तोच घेऊन आला. "लातूरची जागा धरून ठेवलीये काकू. पंचवीसपर्यंत कळवायचंय."

थोड्या वेळाने प्रीती. पेढ्याचा तुकडा नुसता हातात चुरत बसली.

"काकू, काय करू सांगा."

"मी आता काही सांगणार नाही. माझं सांगणं बघितलंस ना!"

"किती वेळा सॉरी म्हटलं. लिहून पाठवलं. बघतसुद्धा नाही. म्हणते, तुझ्या सॉरीने लोकांच्या कानातलं निघणार आहे का?"

मी एवढंच म्हटलं की तिचंही खरं आहे. एवढ्या माणसांत ती एकटीच उघडी पडली. बाकी सगळे आपापली दारं लावून बसलेत. तू, मी, मंजुळाबाई, सगळे.

प्रीती उठली. पेढा तसाच टेबलावर ठेवून गेली. मग मी खाल्ला.

१८ मे, रविवार

काय दिवस! कुठून सुरुवात करू!

सकाळी चहा घेत होते, मोबाइल वाजला. सोसायटीचा ग्रुप. प्रीतीचा व्हॉइस मेसेज. म्हटलं, देवा, पुन्हा!

लावला. जसा आठवतो तसा उतरवते, कारण असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"नमस्कार सगळ्यांना. मी प्रीती, ए विंग. हा मेसेज चुकून आलेला नाही, म्हणून निशाची वाट बघू नका. मी नववीत होते, नेवाशाला. आमच्या शाळेसमोर सायकलचं दुकान होतं. तिथे देवराम नावाचा मुलगा होता, पंक्चर काढायचा. मला तो फार आवडायचा. फार म्हणजे फारच. मी रोज शाळेच्या मागे जाऊन माझ्याच सायकलची हवा सोडायचे आणि त्याच्याकडे भरायला जायचे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हेच. एक दिवस तो म्हणाला..." इथे प्रीती थांबली. मोठा श्वास. "म्हणाला, 'ताई, तुमची ट्यूबच खराब झालीये, बदलून टाका.' ताई म्हणाला! मी घरी येऊन पोट दुखतंय सांगितलं आणि उशीत तोंड घालून रडले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, निशाला नाही. प्रफुल्ल, तुलापण नाही. आता ऐक. आणि रुची, मी तुझी गोष्ट सगळ्यांना दिली. ती परत घेता येत नाही. म्हणून माझी पण दिली. ज्याला हसायचंय त्याने आता दोघींवर हसावं."

मी कप हातात धरून तशीच. चहावर साय.

खाली बाकावर मंजुळाबाईंनी लावलाच. मोठ्याने. दोनदा! 'ताई म्हणाला' आलं आणि खालून असा हशा उठला की पारव्यांचा थवा उडाला. पण तो हशा वेगळा होता. कुणाला सोलणारा नव्हता.

मग ग्रुपवर एकेक सुरू! मंजुळाबाई: "तुम्हा पोरींचं बरं आहे बाई. मला आवडायला कुणी ठेवलंच नाही, अंतरपाट काढला तेव्हा ह्यांचं तोंड बघितलं. आणि तेव्हा उशीर झाला होता!" मयूर बिचारा: "प्लीज सगळे शांत बसा ना." आणि मग प्रफुल्ल, आवाज अगदी दुखावलेला: "लग्न झाल्यावर मला म्हणाली, सायकल येत नाही! मी कारखान्यातून दमून यायचो आणि मैदानात हिची सीट धरून मागे मागे पळायचो! महिनाभर!"

प्रीतीने खाली लिहिलं: "तू धरलेलं आवडायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, आणि कानांवर – आमचा पॅसेज अरुंद, दारं उघडी – समोरच्या घरातून रुचिताचा आवाज. किंचाळल्यासारखा. "ताई? मम्मी, तो ताई म्हणाला? सीरियसली?" आणि मग हसणं. थांबेचना. दोघींचं, एकात एक मिसळलेलं.

मम्मी म्हणाली. दीड महिन्यानंतर!

मी माझं दार हळूच लावून घेतलं. लाइन जोडली गेली होती. मी जोडली नव्हती, पण कान तरी काढून घेता येतो ना!

१९ मे

जेवायला कोणी आलं नाही. डबाही नाही. ब्रेडला लोणी-साखर लावून खाल्ली. किती छान लागली!

संध्याकाळी रुचिता आली. आज उंबऱ्याच्या आत.

"लोड घेऊ नका आजी. मी अजून माफ नाही केलंय."

"आईला?"

"तिला. तुम्हाला तर बिलकूलच नाही. फक्त घरी आमटी होती आणि मला भूक होती."

"बरं. मीठ कसं होतं?"

"बरोबर होतं." मग पायाच्या अंगठ्याने फरशी घासत, "तुम्ही खोटं का बोललात पण?"

म्हटलं, तू लांब जाशील म्हणून घाबरले. "मग तसंच बोलायचं ना यार," म्हणाली. आजवर मला कुणी 'यार' म्हटलं नव्हतं. सिस्टर क्लोटिल्डच्या शाळेतल्या मुलीला!

लातूरचं विचारलं. खांदे उडवले. "बघू. जाणारच आहे बहुतेक."

जाताना फ्रीजमधला आंबा घेऊन गेली. न विचारता.

२२ मे

प्रीती म्हणते, घरात बोलते पण मोजून. बॅग माळ्यावरून काढून ठेवलीय. रिकामी आहे, पण काढून ठेवलीय. प्रफुल्ल तिला लातूरच्या हॉस्टेलचे व्हिडिओ दाखवतो. ती बघते. प्रीती पोळ्या लाटत ऐकते आणि एकही शब्द बोलत नाही. "जा किंवा जाऊ नको, काहीच म्हणणार नाही काकू. यावेळी तिलाच ठरवू दे." पण लाटणं जोरात आपटत होतं, ते मला ऐकू आलं.

२४ मे, शनिवार

संध्याकाळी गॅलरीतून बघितलं – दोघी खाडीच्या बाजूला चालल्या होत्या. रुचिता बोलत होती. हातवारे करून नव्हे, हळू, मान खाली घालून. प्रीती नुसती बाजूने चालत होती. वळणावर दोघी थांबल्या. प्रीतीने तिचा हात हातात घेतला. मग दिसेनाशा झाल्या.

परतल्या तेव्हा दिवे लागले होते.

२५ मे, रविवार

प्रफुल्लने लातूरला नको म्हणून कळवलं. "मायलेकींचं काहीतरी ठरलंय काकू. मला दोघी म्हणतात, नंतर सांगू. तुम्हाला तर प्रीती सांगेलच!"

दुपारी प्रीती आली. खुर्चीत बसली. डोळे रडून लाल, चेहरा मात्र कसा उजळलेला. मी चहा पुढे केला. "काय म्हणाली गं पोरगी?"

प्रीतीने तोंड उघडलं. मग मिटलं. चहा फुंकला, प्यायली, कप धुऊन ठेवला. दारात जाऊन वळली.

"काही नाही, काकू."

प्रीती! आणि काही नाही!